हे काढू नका

मंगळवारी सकाळी मंदाताई दोडक्याच्या शिरा काढत बसल्या होत्या, तेव्हा त्यांना सरकारचा फोन आला. सरकार म्हणजे माणूस नव्हे हो. दोन हजार एकेचाळीस सालात सरकारी कचेरीतून खुद्द माणसाचा फोन यायचा म्हणजे पेढे वाटावेत इतकी अप्रूपाची गोष्ट. फोन होता ‘उलगडा’चा.

आवाज मोठा अदबशीर. आपण मंदाकिनी साळोखे, सोनघाट नगरपरिषदेच्या संगणक विभागात होतात, बरोबर? मंदाताई म्हणाल्या, होते, आता निवृत्त आहे, पुण्यात राहते, पेन्शन वेळेवर येतं आणि माझी काही तक्रार नाही. उलगडा म्हणाला, तक्रारीचं नाही, एक शंका आहे.

“जन्मनोंदणीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एका जोडणीच्या वर शेरा लिहिलाय. ‘हे काढू नका.’ खाली दोन सह्या, स. भो. आणि मं. सा. त्यातल्या मं. सा. आपण. का काढायचं नाही, ते सांगाल का?”

मंदाताईंच्या हातातला दोडका हातातच राहिला. अडतीस वर्षं झाली होती. हा प्रश्न त्यांना ना साहेबांनी विचारला, ना ऑडिटवाल्यांनी, ना यजमानांनी. यजमान तर बिचारे पाच वर्षांपूर्वी गेले. आणि आता विचारलं कुणी, तर यंत्रानं. त्या आधी उठून पाणी प्यायल्या आणि मग चक्क खोटं बोलल्या, की काही आठवत नाही बाई, बघून सांगते.

उलगडा म्हणाला, हरकत नाही, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत वेळ आहे. स. भो. म्हणजे सदानंद भोकरे, त्यांनाही तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा त्यांनी तो ठेवून दिला.

म्हणजे सदाभाऊ आहेत अजून. मंदाताईंना हे या फोनमुळं कळलं. बरं वाटलं, आणि आपल्याला ते असं कळावं याची लाजही वाटली.

आता हा उलगडा काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. चाळीसेक वर्षांत सरकारी कचेऱ्यांत इतके प्रोग्रॅम साठले होते की कुणाचा पाय कुणाच्या पायात अडकलाय हे सांगणारा माणूस उरला नव्हता. लिहिणारे निवृत्त झाले, काही तर देवाघरी पोचले. मग हे यंत्र आलं. ते जुना प्रोग्रॅम वाचतं, समजून घेतं आणि नव्यानं लिहून टाकतं. एका नगरपरिषदेचा सगळा कारभार वाचायला त्याला चहा निवायला लागतो तेवढा वेळ पुरतो. फक्त एक अडचण होती. एखादी ओळ काय करते ते त्याला लगेच कळायचं, पण ती का लिहिली हे ओळीत कुठंच नसतं. सुरुवातीला त्यानं अशा काही ओळी निरुपयोगी म्हणून काढून टाकल्या आणि एका जिल्ह्यात तीन दिवस कुणाला मरताच येईना, म्हणजे कागदोपत्री. तेव्हापासून नियम झाला की माणसानं शेरा लिहून ठेवला असेल, तर त्या माणसाला विचारल्याशिवाय ती ओळ पुसायची नाही.

आणि त्या काळच्या प्रोग्रॅमरांनी शेरे काय थोडे लिहिले होते? ‘हे का चालतं देवाला ठाऊक, पण चालतंय, हात लावू नका.’ ‘उद्या नीट करतो.’ हा उद्या एकोणीसशे नव्व्याण्णव सालातला. तर आता, एकेचाळीस सालात, महाराष्ट्रभर सगळ्या म्हाताऱ्या प्रोग्रॅमरांचे फोन वाजत होते. काही जण तर खूश होते, कारण घरात त्यांना दुसरं कोणी काही विचारत नव्हतं.

मंदाताई खूश नव्हत्या. त्यांची गोष्ट वेगळी होती.

प्रोग्रॅम स्वतःजवळ काहीच ठेवत नाही. तो नुसता कारकून. माहिती असते साठ्यात, डेटाबेसमध्ये, आणि तो असतो भलत्याच यंत्रावर. म्हणून कारकुनाला एक चिठ्ठी द्यावी लागते, की बाबा अमक्या खोलीत जा, अमकं नाव सांग, ही घे किल्ली. ही चिठ्ठी म्हणजे जोडणी. यंत्राचं नाव, साठ्याचं नाव, कोण आलंय ते आणि पासवर्ड. चार ओळींचा मामला. पण त्यात एक शब्द चुकला, तर कारकून इमानेइतबारे भलत्याच खोलीत जाऊन काम करत बसतो. कुणाला पत्ताही लागत नाही, कारण स्क्रीनवर सगळं झकास दिसत असतं.

सोनघाटला अशा खोल्या दोन होत्या. एक ‘मुख्य’, खऱ्या नोंदींची. दुसरी ‘चाचणी’, प्रोग्रॅम नीट चालतो का ते बघायला खोट्या नोंदी भरायची. त्या खोट्या नोंदी भरण्यात मंदाताईंच्या आयुष्यातले फार सुखाचे दिवस गेले. नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावर, खिडकीतून नदी दिसायची अशा खोलीत, अठ्ठावीस वर्षांची मंदा आणि चौतीस वर्षांचे सदाभाऊ जेवणाच्या सुट्टीत समोरासमोर बसून एकेक बाळ जन्माला घालायचे. चि. कांदा बेसन भजे. कु. बुंदी मोतीचूर लाडू, आईचं नाव साखर. चि. कडक इस्त्री परीट. सदाभाऊ नाव सांगायचे अगदी गंभीर चेहऱ्यानं आणि मंदा टाईप करताना हसून हसून बेजार व्हायची. कोपऱ्यातल्या दुकानातून भडंगाची पुडी यायची. साठ्याचा पासवर्डसुद्धा भडंगच होता, पुढं एक-दोन-तीन. सदाभाऊंनी तिला कामही शिकवलं, पदवी नुसतीच होती तिच्याकडं. जोडणी कशी बांधायची, ती कधी तुटते, तुटली तर पुन्हा हाक कशी मारायची, सगळं त्यांचंच. त्यांचं एकच सांगणं असायचं, की जागा सोडण्याआधी चिठ्ठी एकदा वाचायची. हेच वाक्य मंदाताईंनी पुढं तीस वर्षं हाताखालच्या पोरांना ऐकवलं, दरडावून ऐकवलं. विभागाच्या संगणकप्रमुख म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा पोरांनी ते वाक्य पितळी पाटीवर कोरून त्यांना भेट दिलं. ती पाटी त्यांनी कधी भिंतीवर लावली नाही. कपाटात साड्यांच्या खाली ठेवली होती.

कारण त्यांनी स्वतः चिठ्ठी वाचली नव्हती.

एक ऑक्टोबर दोन हजार तीनला नवा प्रोग्रॅम सुरू व्हायचा होता. जन्म, मृत्यू आणि विवाह, तीन चिठ्ठ्या, तिन्हींत ‘चाचणी’ पुसून ‘मुख्य’ लिहायचं. मंदाला नववा महिना लागलेला. सकाळी साडेआठला तिनं मृत्यूची चिठ्ठी बदलली, विवाहाची बदलली आणि पोटात कळ आली. खालच्या मजल्यावरच्या बायकांनी तिला रिक्षात घातलं. संध्याकाळी गार्गी झाली. आणि सोनघाट गावात जन्मलेलं प्रत्येक मूल अकरा दिवस कांदा भजे आणि बुंदी लाडूच्या शेजारी नोंदलं जात राहिलं. त्यातली पहिली नोंद गार्गीची होती.

अकरा दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सदाभाऊ रजेवर होते. पत्नी आजारी, असं अर्जात होतं. अकराव्या दिवशी ते आले, त्यांनी बघितलं, चिठ्ठी दुरुस्त केली. आणि प्रोग्रॅममध्ये दुसरी जोडणी घातली, की मुख्य साठ्यात जन्म सापडला नाही तर चाचणीत बघ. झालेली चूक साहेबांपर्यंत गेलीच. सदाभाऊंनी ती आपली म्हणून लिहून दिली. त्यांच्या सेवापुस्तकात ठपका आला, संगणकावरून त्यांना काढलं आणि पाणीपुरवठ्याला टाकलं, व्हॉल्व्ह उघडणाऱ्यांच्या हजेऱ्या मांडायला. चांगला हाडाचा प्रोग्रॅमर.

मंदा बारशानंतर सासरी गेली ती जानेवारीत कामावर परतली. तेव्हा सदाभाऊंनी एवढंच सांगितलं की झालं ते झालं, तुमची नोकरी अजून कच्ची आहे, उगाच उकरू नका. मंदानं उकरलं नाही. फक्त एक तिला तेव्हाही कळलं नव्हतं. अकरा दिवसांच्या नोंदी चाचणीतून मुख्य साठ्यात हलवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. सदाभाऊंनी ते केलं का नाही? विचारलं तर म्हणाले, नंबर एकमेकांत अडकतायत. अडकत नव्हते. पण ज्यानं आपल्यासाठी ठपका घेतला त्याच्याशी वाद कसला घालायचा? ‘हे काढू नका’ या शेऱ्याखाली त्यांची सही होती, तिथं तिनं आपलीही घातली. त्यानंतर ती बदलीनं कोल्हापूरला गेली, मग पुण्याला. दिवाळीची शुभेच्छापत्रं काही वर्षं गेली-आली, पुढं तीही बंद पडली.

मंगळवारी दुपारी गार्गी आली. शेजारच्याच इमारतीत राहते ती, आठवा महिना चालू आहे तिला, जिना चढून दमली होती. तिनं फोन पुढं केला. प्रसूतिगृहानं कळवलं होतं: होणाऱ्या आईची मूळ जन्मनोंद चाचणी साठ्यात आढळली, शुक्रवारनंतर ती ग्राह्य राहणार नाही.

“आई, मी चाचणी आहे?” गार्गीनं विचारलं.

तिला हसू येत होतं, पण प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. सात-आठ वर्षांपूर्वी यंत्रं इतके हुबेहूब खोटे दाखले करू लागली की कागदावरचा विश्वासच उडाला. तेव्हापासून दाखला ही वस्तू राहिली नाही. कुणी विचारलं की त्या क्षणी थेट मूळ नोंदीला हाक जाते, आणि ती ओ देते की नाही एवढंच बघतात. नोंद गेली तर दाखला नाही, दाखला नाही तर येणाऱ्या बाळाला आई नाही, निदान सरकारदरबारी. सोनघाटची कागदी रजिस्टरं एका पुरात भिजून केव्हाच लगदा झालेली. आणि साठे थंड ठेवायला वीज नि पाणी इतकं लागतं, की ‘चाचणी’ नावाचं जे काही असेल ते सरसकट पुसायचा कायदा होता. गार्गीबरोबर त्या अकरा दिवसांतली गावातली सगळीच मुलं, आता अडतिशी गाठलेली, शुक्रवारी संध्याकाळी पुसली जाणार होती.

मंदाताईंनी लेकीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. गार्गी म्हणाली, म्हणजे माझ्या पायी झालं की गं हे. मंदाताई म्हणाल्या, तुझ्या पायी नाही, माझ्या न वाचण्यापायी.

बुधवारी सकाळी अंघोळ करून, चांगली साडी नेसून त्या फोनसमोर बसल्या. यंत्रासमोर साडी कशाला, असं गार्गी म्हणाली. पण कबुली द्यायची ती गाऊनवर कशी द्यायची? मंदाताईंनी उलगडाला सांगितलं की चूक सदानंद भोकरे यांची नव्हती, माझी होती, आणि तसं त्यांच्या सेवापुस्तकात लिहा. उलगडा म्हणाला, लिहिलं. बस, एवढंच. अडतीस वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा, त्याला उचलायला अर्धा सेकंद लागला. मंदाताईंना रागच आला जरासा.

मग कामाला लागले. उलगडानं साठा आधीच निवडून ठेवला होता, पण उलटा. कांदा बेसन भजे यांची नोंद पूर्ण आहे, सबब व्यक्ती खरी असावी. ही व्यक्ती सध्या कुठं राहते, असं तो विचारत होता. आणि अठ्ठेचाळीस नोंदी अपुऱ्या होत्या, त्यात बाळाचं नावच नव्हतं, त्या त्यानं कचरा म्हणून बाजूला काढल्या होत्या. मंदाताई पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून त्यांनी त्याला समजावलं. अरे बाबा, आमच्याकडं नाव बाराव्या दिवशी ठेवतात, बारशाला. जन्माची नोंद दवाखाना लगेच पाठवतो, तेव्हा बाळाला नाव नसतं, तो रकाना कोराच राहतो. आईबाप मग सवडीनं येऊन नाव घालतात. तेव्हा ज्याला नाव आहे ते सगळं आमचं चेष्टेचं, आणि ज्याला नाव नाही ते खरं. नावं बघ मुख्य साठ्यात मिळतील, नावांच्या वहीत, कारण ती नंतर आली.

उलगडा दोन क्षण थांबला. त्याच्या मानानं हे फारच झालं. मग म्हणाला, जुळली. सत्तेचाळीस नोंदींना नावं मिळाली. त्यात गार्गीही होती.

“एक उरते,” तो म्हणाला. “मुलगी. जन्म चार ऑक्टोबर. नाव कधीच आलं नाही. लस नाही, शाळा नाही, मृत्यूची नोंद नाही. वडील, भोकरे सदानंद. आई, भोकरे विमल.”

मंदाताई म्हणाल्या, नसेल, चेष्टेची असेल. सदाभाऊंना मूलबाळ नव्हतं. पण बोलता बोलताच त्यांचा आवाज बारीक झाला. चेष्टेच्या नोंदीला नाव असायचं. नाव हीच तर चेष्टा असायची.

उलगडानं आणखी एक सांगितलं. ही नोंद आजवर सदतीस वेळा उघडून बघितली गेली होती. नगरपरिषदेच्या खिडकीवरून, वर्षातून एकदा, दर चार ऑक्टोबरला.

पुढं त्यानं नियम सांगितला. एकही नोंद अनिर्णित असेल तोवर साठा हलवता येत नाही, आणि शुक्रवारी सहाला तो पुसावा लागतो. शेऱ्याखाली दोन सह्या आहेत, पण निर्णयाला एक पुरते. ही नोंद चाचणीची होती असं मंदाताईंनी म्हटलं, तर बाकीच्या सत्तेचाळीस या क्षणी सुखरूप.

गार्गीनं आईकडं बघितलं. एक शब्द बोलायचा होता फक्त. गार्गी हळूच म्हणाली, आई, सांगून टाक ना, त्यांना कुठं कळणार आहे. पोटुशी बाई, स्वतःच्या पोराच्या काळजीनं म्हणाली ती, तिचं काय चुकलं? पण मंदाताईंना तिच्या बारशाचा दिवस दिसत होता. पाळण्यापाशी सदाभाऊ उभे. हातात पिवळं झबलं, गळ्यापाशी बारीक टाके. वहिनींनी शिवलंय, म्हणाले. आणि मंदा, आपल्याच कौतुकात बुडालेली, म्हणाली होती की अगंबाई, किती मन लावून शिवलंय, कधीपासून शिवत होत्या? सदाभाऊ लाडू न खाताच निघून गेले होते.

“शुक्रवार उद्या नाही, परवा आहे,” मंदाताई म्हणाल्या आणि बॅग भरायला उठल्या.

गुरुवारी दुपारी त्या सोनघाटच्या स्टँडवर उतरल्या. बस आता बिनआवाजाची झाली होती, पण स्टँडवरचा कांद्याचा वास तोच. नगरपरिषदेची जुनी इमारत जाऊन तिथं काचेची आली होती. भडंगाचं दुकान मात्र होतं. त्यांनी पावशेर घेतलं.

सदाभाऊ अंगणात आरामखुर्चीत बसले होते. बहात्तर वर्षांचे, अंग आणखी सुकलेलं, भुवया तेवढ्या वाढलेल्या. त्यांनी बघितलं, ओळखलं, आणि पहिलं वाक्य काय बोलले?

“त्या यंत्रानं आता तुम्हाला पाठवलं होय?”

विमलवहिनींनी आत बोलावलं, चहा टाकला. मंदाताई कपाला हात न लावता बोलल्या. चूक माझी होती सदाभाऊ, काल तसं लिहून दिलंय. तेव्हाच द्यायला हवं होतं. तुमचं सगळं आयुष्य त्या व्हॉल्व्हच्या हजेऱ्यांत गेलं, आणि मी तुमच्याच वाक्यांवर मोठी झाले. त्यांना रडू आलं, ते त्यांनी आवरलं नाही.

सदाभाऊंनी हातानंच थांबवलं. पुडीतलं चिमूटभर भडंग तोंडात टाकलं, सावकाश चावलं. मग म्हणाले, तुमची चूक माझ्या पथ्यावर पडली, मॅडम. त्याचं ओझं तुम्ही कशाला वाहिलंत?

आणि मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. आधी दोनदा पोटातच गेलेलं. म्हणून तिसऱ्या वेळी कुणाला कळू दिलं नव्हतं, ऑफिसात तर नाहीच. सातव्या महिन्यातच मुलगी झाली. दोन दिवस राहिली. कामावर आले तेव्हा मृत्यूचा फॉर्म दवाखान्यातून त्यांच्याच टेबलावर येऊन पडला होता, कारण फॉर्म भरून घ्यायचं काम त्यांचंच. त्या दिवशी सगळे फॉर्म भरले, तेवढा एक खाली राहिला. आणि मग जन्माची नोंद बघायला गेले, तर ती मुख्य साठ्यात नव्हतीच.

“चाचणीत होती,” सदाभाऊ म्हणाले. “भज्या-लाडवांच्या शेजारी. मुख्य साठ्यात असती तर महिनाअखेरीला तपासणी झाली असती, तिच्यापुढं तारीख पडली असती. तिथं कोण तपासणार? मी म्हटलं, राहू दे. राहील तिथं. म्हणून हलवलं नाही. म्हणून लिहिलं, की हे काढू नका.”

मंदाताई म्हणाल्या, मला कुणी सांगितलं नाही. सदाभाऊ म्हणाले, बाळंतिणीला असलं कोण सांगतं? आणि नंतर काय, नंतर तुम्ही विचारलं नाहीत. ते रागानं म्हणाले नाहीत. मंदाताईंना मात्र ते लागायचं तिथं लागलं, कारण खरं होतं. तीन महिन्यांनी परत आल्यावर त्यांनी जोडणीबद्दल विचारलं होतं, नंबरांबद्दल विचारलं होतं. वहिनी कशा आहेत, हे विचारायचं राहून गेलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारात विमलवहिनी उभ्या होत्या.

“चार ऑक्टोबरला हे पांढरा शर्ट घालून बाहेर पडायचे,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, पाणीपुरवठ्याची मीटिंग आहे. निवृत्त झाल्याला चौदा वर्षं झाली, तरी मीटिंग काही सुटली नाही. मी आपला शर्ट आदल्या दिवशी इस्त्री करून ठेवायची.”

सदाभाऊ बायकोकडं बघतच राहिले. सदतीस वर्षं आपण मोठे लपवाछपवीत हुशार, असं समजत होते बिचारे.

मंदाताईंनी मग उद्या संध्याकाळची गोष्ट काढली. खरं सांगायचं तर ती काढताना त्यांची जीभ रेटेना. नोंद खोटी म्हटली तर पुसली जाईल, कुणी काही विचारणार नाही. खरी म्हटली तर मृत्यूची तारीख घालावी लागेल. आणि काहीच म्हटलं नाही, तर तिच्याबरोबर गार्गीही जाईल आणि बाकीची गावातली पोरंही. मी तुमच्या वतीनं काही बोलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. गार्गीचं काय व्हायचं ते होवो, असं मात्र त्यांना म्हणवलं नाही, आणि सदाभाऊंनाही ते कळलं.

ते उठले. कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली. पुराच्या वेळी घरातलं धान्य गेलं होतं, फाइल माळ्यावर टाकून वाचवलेली. आत एकच फॉर्म होता, निळ्या शाईचा, कडा पिवळ्या पडलेल्या.

“लावा फोन,” ते म्हणाले.

उलगडानं नमस्कार केला. सदाभाऊंनी या वेळी फोन ठेवला नाही. चष्मा लावून त्यांनी फॉर्म स्वतः वाचला, पूर्वी खिडकीवर लोकांचे वाचायचे तसा, रकान्यामागून रकाना. जन्म, चार ऑक्टोबर. मृत्यू, सहा ऑक्टोबर. ती तारीख वाचताना थोडे अडखळले, पाणी मागितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. उलगडा मधे एकदाही बोलला नाही. हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

“बाळाचं नाव?” शेवटी त्यानं विचारलं.

“केतकी,” विमलवहिनी म्हणाल्या. सदाभाऊंच्या आधी.

उलगडा म्हणाला, क्षमा असावी, नावाचा रकाना पंधरा वर्षांनी बंद होतो, त्यात आता काही लिहिता येत नाही. मग तो म्हणाला की नोंदीला शेरा मात्र जोडता येतो. शेऱ्याला मुदत नसते.

सदाभाऊ जरा सरळ बसले. अडतीस वर्षांनी कुणीतरी त्यांना पुन्हा एक ओळ लिहायला सांगत होतं. त्यांनी मंदाताईंकडं बघितलं, पूर्वी नाव सुचलं की बघायचे तसं, अगदी गंभीर चेहऱ्यानं.

“लिही,” ते म्हणाले. “हिचं नाव केतकी. हे काढू नका.”

“लिहिलं. आणि चाचणी साठ्याची ती जुनी जोडणी? तिच्यावरही तोच शेरा आहे.”

सदाभाऊंनी फॉर्मची घडी घातली आणि ती वहिनींच्या हातात दिली.

“ती काढ आता,” ते म्हणाले.

एवढं व्हायला एक क्षणही लागला नाही. उलगडा म्हणाला, अठ्ठेचाळीस नोंदी मुख्य साठ्यात पोचल्या, जोडणी बंद केली. पाठोपाठ मंदाताईंच्या फोनवर गार्गीचा निरोप आला, की आई, सापडले मी. मंदाताईंनी तो सदाभाऊंना दाखवला. त्यांनी चष्मा काढून वाचला, मग चष्मा लावून पुन्हा वाचला. ते पिवळं झबलं अजून गार्गीच्या कपाटात आहे, असं मंदाताईंनी हळूच सांगितलं. वहिनी म्हणाल्या, असू दे, तुमच्या नातवंडाला होईल.

उलगडा अजून फोनवरच होता.

“शेऱ्याखाली सही लागते,” तो म्हणाला. “कुणाची घालू?”

“स. भो.,” सदाभाऊ म्हणाले.

“वि. भो.,” वहिनी म्हणाल्या.

मंदाताईंनी निवलेल्या चहाचा कप बाजूला सारला आणि फोन जवळ ओढला.

“आणि मं. सा.,” त्या म्हणाल्या. “घाल, आणि आता एकदा सगळं वाचून दाखव. वाचल्याशिवाय मी जागा सोडणार नाही.”